चढती रेघ

केनवड, ता. रिसोड
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय पौर्णिमा,
सप्रेम जयभीम.

फोन करू नकोस म्हणून आधीच लिहिते. कानात मशीन घातलं की मला फोनवर तुझा आवाज सोडून बाकी सगळं ऐकू येतं. पत्र लिही. आणि डॉक्टर झालीस म्हणून कोंबडीचे पाय उमटवलेस, तर लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवीन. शाळेतून निवृत्त झाले असले तरी लाल पेन अजून माझ्याकडे आहे.

सोयाबीन घरात आलं. तूर फुलावर आहे. तुझे बाबा रविवारी येऊन गेले आणि माझ्या हातावरची गाठ बघून त्यांनी घर डोक्यावर घेतलं. उजव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगट आणि कोपर यांच्या मधोमध आहे. आधी सुपारीएवढी होती, आता लिंबाएवढी झाली. दुखत-खुपत नाही. तरी तुझा बाप धम्मपाल ऐकतो होय! मला वाशिमला डॉ. फय्याज यांच्याकडे घेऊन गेला. तुझ्याच कॉलेजातून शिकून आलेत म्हणे. माणूस चांगला आहे. माझ्याकडे तोंड करून सावकाश बोलतो, त्यामुळे ओठांवरून सगळं कळतं. गाठ काढावी लागेल म्हणाला, आणि कुठे कापणार ते बोटानं माझ्या हातावर रेघ ओढून दाखवलं.

आता तू दिवसभर हेच काम करतेस, म्हणून विचारते. टाके किती प्रकारचे असतात? त्यातल्या कोणत्या टाक्यानं कातडी जिथल्या तिथे बसते, जराही इकडची तिकडे न होता? नीट समजावून लिही. घाई करू नकोस.

तुझी आत्या,
रत्नमाला

———

नागपूर
२८ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र वॉर्डात वाचून दाखवलं. लाल पेनाचं ऐकून आमच्या सिस्टर हसून हसून बेजार झाल्या.

फय्याज सर मला तीन वर्षं सीनियर. हाताच्या शस्त्रक्रियेत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. तू निर्धास्त राहा.

आता टाक्यांचं. सगळ्यात साधे ते सुटे टाके. प्रत्येक टाका वेगळा, प्रत्येकाची गाठ वेगळी. वेळ लागतो, आणि नंतर प्रत्येक गाठीच्या जागी बारीक ठिपका राहू शकतो. दुसरा सलग टाका, एकच धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत. झपाट्यानं होतो. तिसरा, जिथे कडा ताणलेल्या असतात तिथला मॅट्रेस टाका. सुई एकदा लांबून जाते, मग जवळून परत येते, आणि दोन्ही कडा एकमेकींना घट्ट भेटतात. आणि चौथा माझा लाडका, कातडीखालचा टाका. धागा आतल्या आत नागमोडी जातो, बाहेर काही दिसत नाही, आणि मागे केसाएवढी रेघ राहते. नव्या मुली तोच मागतात.

तेव्हा तुझ्यासाठी कातडीखालचाच सांगते. सत्तरीला टेकलीस तरी तुझी टापटीप काही जात नाही, हे मला ठाऊक आहे. इस्त्रीच्या पातळाशिवाय तू कधी दळणालासुद्धा गेली नाहीस. व्रण दिसणारच नाही असं करून घेऊ.

हां, तिथे तुझं ते गोंदण आहे. त्याची काळजी करू नकोस. फार तर एखादं अक्षर थोडं हलेल. जत्रेतल्या गोंदणाकडे आता कोण बघतं?

तारीख कळव. मी रजा काढून येते.

तुझी,
पौर्णिमा

———

केनवड
२२ डिसेंबर २०२४

पौर्णिमा,
जयभीम.

ऑपरेशन करायचं नाही असं ठरवलं आहे. गाठ दुखत नाही. धम्मपालला तू समजाव. थंडी फार आहे, पेनही बरोबर चालत नाही, म्हणून थोडक्यात लिहिते.

आत्या

———

नागपूर
६ जानेवारी २०२५

आत्या,
सप्रेम जयभीम.

तुझी दोन्ही पत्रं टेबलावर शेजारी-शेजारी ठेवून बसले आहे. मी तुझ्याच हाताखाली बाराखडी शिकले. तुझं अक्षर मी अंधारातही ओळखीन. नोव्हेंबरच्या पत्रात शेवटच्या ओळी खाली घसरल्या होत्या, ते मला तेव्हा दिसलं नाही. डिसेंबरच्या पत्रात 'ठ' आणि 'ढ' सारखेच दिसतात. पेनला दोष देऊ नकोस. पेन बोटांतून निसटतं, हो ना? अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर आहेत.

आईला विचारलं, तर तिनं सांगितलं की दिवाळीत चहाचा कप तुझ्या हातातून पडला आणि तू मांजरावर ढकललंस.

मी फय्याज सरांशी बोलले. त्यांना गाठ नसेवरच असल्याची शंका आहे. हाताला जाणीव देणारी मोठी नस बरोबर तिथून जाते. गाठ वाढत राहिली तर आज बोटं बधिर आहेत, उद्या अंगठ्याची ताकद जाईल, आणि गेलेली ताकद परत येईलच असं कोणी सांगू शकत नाही. उभा जन्म तू पोरांच्या पाट्यांवर अक्षर गिरवून दिलंस. तुझ्या हातात पेन राहणार नाही, हे तुला चालेल का?

माझ्या पत्रातलं काहीतरी तुला लागलं आहे. काय ते कळत नाही, पण लागलं आहे एवढं कळतं. रागव, पण लिही.

पौर्णिमा

———

केनवड
१९ जानेवारी २०२५

प्रिय पौर्णिमा,
सप्रेम जयभीम.

हे पत्र थांबत थांबत लिहिते आहे, अक्षराला हसू नकोस. बोटांचं तू ओळखलंस ते खरं आहे.

मला काय लागलं ते सांगते. तू लिहिलंस, जत्रेतलं गोंदण. तुझा दोष नाही, कुणी तुला सांगितलंच नाही. माझ्या हातावरचं 'जयभीम' गोंदणारीनं लिहिलेलं नाही. तुझ्या आजीनं लिहिलं आहे, माझ्या आईनं. तू तिला पाहिलं नाहीस.

मी चौथीत होते. आई रोजमजुरीवरून आली की चुलीपुढे बसायची, आणि मी पाटी घेऊन तिला शिकवायला बघायची. अ आ इ ई तिनं शिकूच दिलं नाही. म्हणाली, "मले एकच शब्द शिकव. आपन एकमेकाले म्हनतो थो." मग तोच शब्द. सगळा उन्हाळा तोच. अक्षरं जमली, पण वरची रेघ काही सरळ येईना. डावीकडून निघायची आणि 'म' पर्यंत वर चढायची. मी छडी घेऊन मास्तरीण झालेली. "आई, रेघ सरळ काढ." तिचं उत्तर ठरलेलं. "चढून राह्यली त चढू दे."

त्याच वर्षी बाजाराच्या दिवशी गोंदणारी बाई आली. आईच्या हातांवर लहानपणीचं जुनं गोंदण होतंच, दीक्षेच्या आधीचं, दुसऱ्यांनी ठरवलेलं. माझा हात पुढे केल्यावर ती बाई फूल काढू की विंचू असं विचारू लागली. आईनं तिच्या हातातली काडी घेतली, काजळीत बुडवली, आणि भर बाजारात, पाच-पंचवीस बाया बघत असताना, माझ्या हातावर आडवं लिहिलं, बांगडी भरल्यासारखं. ती बाई अडाणी होती, म्हणून तिनं काहीही सुधारलं नाही. जिथे आईची काडी थरथरली तिथे सुईही तशीच गेली. रेघ चढली, तर सुई चढली. मी रडत होते, आणि आई म्हणत होती, "पाटीवरचं पुसून जाते. हे राहू दे. लिवत्या हातावर राहू दे."

आई गेली तेव्हा मी नोकरीलाही लागले नव्हते. सरकारी कागदांवर तिचा अंगठा आहे. पाटी केव्हाच फुटली. तिनं या जगात लिहिलेलं एवढंच उरलं आहे, पौर्णिमा, आणि फय्याज डॉक्टरांचं बोट बरोबर त्याच्या मधून गेलं.

किन्हीराजाची लखमा तुला आठवत असेल, आमच्या शाळेत कामाला होती. तिच्या हातावर भावाचं नाव गोंदलेलं होतं, सेवादास. कडबा कटरमध्ये हात सापडला. टाके चांगले भरले, हात कामाला लागला, पण कातडी सरकून बसली. आता ते नाव वाचता येत नाही. भाऊही राहिला नाही. ती म्हणते, "नाव गेलं तवा भाऊ दुसऱ्यांदा गेला."

म्हणून विचारलं होतं, कोणत्या टाक्यानं कातडी जिथल्या तिथे बसते. तू दिसण्यावर गेलीस.

एकाच हातावर दोन अक्षरं आहेत. वर आईचं, आणि बोटांत माझं. एकच राहणार असेल तर आईचं राहू दे. मी पुष्कळ लिहिलं. तिनं एकदाच लिहिलं.

तुझी आत्या

———

नागपूर
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

वर हा शब्द लिहिला आणि हात थांबला. आजवर प्रत्येक पत्रावर तो सवयीनं लिहीत आले. आजीला एका शब्दासाठी सगळा उन्हाळा लागला, हे वाचल्यापासून तो मला नव्यानं लिहावासा वाटतो. जत्रेतल्या गोंदणाचं ते माझं वाक्य तुझ्या लाल पेनानं खोडून टाक.

तुझा प्रश्न मी पुन्हा पहिल्यापासून सोडवला. केळीच्या साली आणल्या. त्यांवर बॉलपेननं आडव्या रेघा ओढल्या, रेघांना छेदून उभा काप घेतला, आणि प्रत्येक प्रकारच्या टाक्यानं एकेक साल शिवली. होस्टेलवरच्या मुलींना वाटलं माझं डोकं फिरलं.

सलग टाका पहिल्याच फेरीत नापास. शेवटी धागा ओढला की आधीचे सगळे टाके थोडे थोडे सरकतात, आणि रेघेला पायरी पडते. माझा लाडका कातडीखालचा टाकाही नापास, त्याचं मला वाईट वाटलं. काप सुरेख मिटतो, पण दोन कडा एकमेकींवरून लांबीच्या दिशेनं घसरतात, आणि वरून ते कळतही नाही. मॅट्रेसनं कडा घट्ट भेटतात, पण जरा उचलल्या जातात, रेघ सुरकुतते. पास झाले ते साधे सुटे टाके, ज्यांना मी ठिपक्यांवरून नावं ठेवली होती. त्यांचा एकेक टाका स्वतःपुरता असतो. चुकला तर तेवढाच कापायचा आणि पुन्हा घालायचा, शेजाऱ्याला धक्का लागत नाही.

पण शिवायचं मात्र टोकापासून नाही. आधी आत, विरघळणाऱ्या धाग्यानं खालचा थर जवळ आणायचा, म्हणजे वरच्या कातडीवर ओढ राहत नाही. मग पहिला टाका बरोबर रेघेवर. रेघ जुळली की बाकीचे तिच्या वर आणि खाली.

सरांनी तुझ्या हाताचा फोटो मागून घेतला आणि बराच वेळ बघितला. म्हणाले, काप 'य' आणि 'भी' च्या मधून घेता येईल. अक्षराला धक्का नाही. फक्त वरची रेघ कापली जाईल, आणि ती जुळवायची आपण शिकस्त करू. वचन देत नाही म्हणाले, आणि म्हणूनच मला त्यांचा भरवसा वाटतो.

टाके तूच घाल, असं तू म्हणशील. म्हणू नकोस. आपल्या माणसाच्या कातडीवर हात कापतो. मी फक्त शेजारी उभी राहीन.

दोन्ही अक्षरं राहतील असं मला वाटतं. वाशिमला ये, मीही येते.

पौर्णिमा

———

केनवड
१० फेब्रुवारी २०२५

पौर्णिमा,

येते. पण एक अट आहे. तिथे सगळ्यांच्या तोंडाला फडकी असतील, मला कुणाचे ओठ दिसणार नाहीत. मी जागी असेन आणि काही कळणार नाही. तेव्हा आत काय झालं ते सगळं नंतर लिहून पाठवायचं. चांगलं-वाईट सगळं.

आत्या

———

नागपूर
९ मार्च २०२५

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

अट पाळते आहे. तुझा चेहरा पडद्याच्या पलीकडे होता आणि तू छताकडे बघत होतीस. पडद्याच्या अलीकडे काय झालं ते आता ऐक.

तू आत गेल्या गेल्या फय्याज सरांना हात दाखवून म्हणालीस, आधी वाचून दाखवा. त्यांनी मास्क खाली केला आणि तुझ्याकडे तोंड करून वाचलं. त्यानंतरच तू टेबलावर आडवी झालीस, ते तिथल्या सगळ्यांच्या ध्यानात राहिलं आहे.

खांद्याजवळ इंजेक्शन देऊन हात बधिर केला, दंडाला पट्टा बांधून रक्त थांबवलं. हात मेणासारखा पांढरा पडला आणि आजीची अक्षरं त्यावर आणखीनच काळी दिसू लागली. सरांनी मार्करनं कापाची उभी रेघ आखली, आणि तिला छेदणाऱ्या बारीक आडव्या खुणा केल्या. शिवताना कुठली कड कुठे लावायची ते कळावं म्हणून आम्ही सगळेच तसं करतो. मग काप घेतला, आणि मी पहिल्यांदा तुझ्या कातडीची कड बघितली.

आत्या, शाई वर नव्हती. कातडीच्या जाडीत, आतल्या थरात, एक निळा-काळा ठिपका होता. मी पुस्तकात वाचलं होतं, पण डोळ्यांनी बघणं वेगळं. वरची कातडी सारखी झडते आणि नवी येते. आजीनं काडी टेकवली त्या वेळची वरची कातडी तुझ्या अंगावर कधीच राहिलेली नाही. शाई धरतात त्या आतल्या थरातल्या पेशी. त्यासुद्धा मरतात. मरताना शाईचा कण सुटतो, आणि शेजारची नवी पेशी तो उचलून धरते. तू शिकलीस, नोकरी केलीस, म्हातारी झालीस, आणि हा सगळा वेळ तुझ्या नकळत तुझ्या हातात कुणीतरी आजीचा शब्द एकमेकांच्या हाती देत होतं. मी कापाची कड मागे ओढणारा हूक धरून उभी होते आणि माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. नाक पुसता येत नाही तिथे, हात निर्जंतुक असतात. सिस्टरनं मागून येऊन पुसलं.

गाठ नसेच्या आवरणातच होती. नस पांढरी, भिजलेल्या वातीसारखी, आणि तिचे धागे गाठीवर पसरलेले. सर चष्म्याला भिंगं लावून एकेक धागा बाजूला करत गेले. गाठ सोललेल्या लसणासारखी गुळगुळीत बाहेर आली, आणि नस मागे अखंड राहिली. तपासणीत गाठ साधी निघाली, ते बाबांनी तुला सांगितलंच आहे.

मग शिवायची वेळ आली, आणि तेव्हा घाबरायची पाळी आली. इतक्या वेळच्या धुण्या-पुसण्यात मार्करच्या सगळ्या खुणा गेल्या होत्या. कडा किंचित सुजल्या होत्या, एक कड दुसरीपेक्षा लांब दिसत होती. अशा वेळी आम्ही अंदाजानं मधला टाका घालतो आणि पुढे जातो. सरांनी दोन्ही कडा चिमट्यानं धरल्या. दोन्हीकडे मिळून एकच खूण शिल्लक होती, डावीकडून येणारी आजीची रेघ आणि उजवीकडे वर जाणारी आजीची रेघ.

सर म्हणाले, "आपली खूण गेली. आजीची हाये." आणि सुईचा चिमटा माझ्या हातात दिला. "पयला टाका तू टाक. घरचं अक्षर हाये."

मी नको म्हणणार होते. पण तुझा हात तसाच उघडा समोर होता. आतला थर सरांनी जवळ आणून दिला होता. मी केसाहून बारीक धागा घेतला, सुई डाव्या रेघेच्या काठातून आत नेली आणि उजव्या रेघेच्या काठातून बाहेर काढली. गाठ मारली, आणि पायरी पडली. अगदी थोडी, दुसऱ्या कुणाला दिसलीही नसती. मी सरांकडे बघितलं नाही. टाका कापला, काढून टाकला. सलग टाका असता तर सगळंच उसवावं लागलं असतं.

दुसऱ्यांदा मला उमगलं की मी रेघ सरळ जुळवायला बघत होते. आजीची रेघ सरळ नव्हतीच. ती चढते. उजवी कड जराशी वर धरून सुई घातली, आणि आत्या, रेघ जुळली. गाठीच्या खाली ती इकडून तिकडे गेली, जणू काही झालंच नाही. बाकीचे सगळे टाके सरांनी घातले. माझ्याच्यानं पुढे हात उचलवला नसता.

शेवटी दंडाचा पट्टा सोडला. पांढरा हात कोपराकडून खाली गुलाबी होत आला, अक्षरांच्या मागून रक्त परत आलं. मी इतक्या जखमा शिवल्या, पण जखम भरणारी मी नव्हे, हे मला त्या दिवशी कळलं. आम्ही फक्त कडा शेजारी ठेवतो. पुढचं सगळं आतल्या पेशीच करतात.

टाके काढायला सरांकडेच जा. बोटांचे व्यायाम चुकवू नकोस. जाणीव सावकाश येते, महिने लागतात. धीर धर.

तुझी,
पौर्णिमा

———

केनवड
२५ मे २०२५

प्रिय पौर्णिमा,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. धम्मपालला वाचून दाखवलं, तो उठून अंगणात गेला. लखमाला किन्हीराजाहून बोलावून घेतलं. तिनं माझा हात उन्हाकडे धरून बघितला, रेघेवरून बोट नेलं, आणि आपला हात माझ्या हातावर ठेवून बसली.

टाके काढताना फय्याज डॉक्टरांनीही मास्क खाली करून पुन्हा एकदा वाचलं. मी सांगितलं नव्हतं. व्रण आता 'य' आणि 'भी' च्या मध्ये पातळ उभा दिसतो, ठिपके पुसट झाले. आईची रेघ त्याच्या अंगावरून सरळ जाते. चुकले, चढत जाते.

बोटांचं सांगते. आधी अंगठ्याला मुंग्या आल्या. मग एका सकाळी भाकरीचं पीठ मळताना ते गरम पाण्यातलं आहे असं कळलं, आणि मी परातीपुढे बसून रडले. आता पेन धरता येतं. रोज सकाळी पाटीवर गिरवते, पहिलीतल्या पोरासारखं. अक्षरं जमतात. हे पत्र एका बैठकीत लिहिलं आहे.

वर लिहिलेला 'जयभीम' पाहा. पाहिलास? अक्षरं माझी आहेत, पण वरची रेघ सरळ येत नाही. डावीकडून बरोबर निघते आणि 'म' पर्यंत वर जाते. मी मुद्दाम करत नाही. डॉक्टर म्हणतात, अंगठ्यात पुरती ताकद आली की आपोआप सरळ होईल, सराव करत राहा.

सराव करते. पण रेघ सरळ करायचा करत नाही. रोज सकाळी पाटी समोर घेते, तोच एक शब्द लिहिते, आणि ती वर निघाली की स्वतःलाच मोठ्यानं सांगते. मला ऐकू येत नाही, पण ओठांना कळतं.

चढून राह्यली त चढू दे.

तुझी आत्या,
रत्नमाला